कोरी चौकट

प्रिय दादा,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आणि तुझी खोड मला माहीत आहे, पत्र हातात आलं की आधी शेवटचं पान. या वेळी तेवढं करू नकोस, क्रमानं वाच. फोनवरही सांगता आलं असतं म्हणा, पण फोनवर तू ‘बरं चाललंय’ म्हणतोस आणि लगेच वहिनीच्या हातात देतोस. मग आम्ही दोघी भाच्याच्या परीक्षेपासून तुमच्या जिन्यातल्या बिघडलेल्या दिव्यापर्यंत सगळं बोलतो, आणि ज्यासाठी फोन केलेला असतो ते तसंच राहतं. म्हणून आज सुट्टीच्या सकाळी ओटा आवरून, दाराला कडी घालून लिहायलाच बसले आहे.

मी चिप बनवायला शिकतेय हे वहिनीनं सांगितलं तेव्हा तू हसलास म्हणे. ‘शेहेचाळिसाव्या वर्षी? हिला टीव्हीचा रिमोट चालवता येत नाही!’ खरं आहे, अजूनही येत नाही. पण आपल्या फोटो स्टुडिओला कुलूप लावल्यावर आठ महिने मी घरातल्या त्याच त्या भिंती पुसत होते. मग तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेची जाहिरात दिसली. तीन महिने हातानं काम करत शिकायचं, आणि स्वतःच्या हातानं बनवलेला चिपवरचा एक तरी स्विच चालला तर तिथंच नोकरी. मुलाखतीला सगळी कोवळी पोरं, पदव्यांची भेंडोळी घेऊन आलेली. मला विचारलं, तुम्हाला काय येतं? मी म्हटलं, अंधारात काम करता येतं, रसायनांची भीती वाटत नाही आणि सेकंद मनात मोजता येतात. हे सगळं दादानं शिकवलं. समोरच्या बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, दादा आता काय करतात? गोदामाच्या फाटकावर बसतो, ट्रकच्या पावत्यांवर शिक्के मारतो, असं मी सांगितलं. त्यांनी तेही कागदावर टिपून घेतलं. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

कारण तू फाटकावर का बसलास ते आपल्याला ठाऊक आहे. बेकरीवाल्याच्या आईचे ते बारा फोटो. म्हातारी त्यानंतर चार दिवसांत गेली, आणि तू फिल्म धुऊन उजेडात धरलीस तर ती खिडकीच्या काचेसारखी कोरी. डेव्हलपरच्या आधी फिक्सरमध्ये गेलेली. चित्र उमटायच्या आधीच सगळं धुऊन निघालेलं. नवशिक्यानं करावी अशी चूक, आणि ती तुझ्या हातून! बेकरीवाला भांडला असता तर परवडलं असतं. तो फक्त ‘एकही नाही?’ असं विचारून उभा राहिला. तू ‘माझा हात चुकला’ म्हणालास, अ‍ॅप्रन खुंटीला लावलास, आणि अकरा वर्षांत त्या अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. भाच्याच्या वाढदिवसाला मोबाइलवर फोटो काढायची वेळ आली तरी तू मोबाइल दुसऱ्याच्या हातात देतोस. मला बोलायचंय ते याच्याबद्दलच. पण आधी प्रयोगशाळा ऐकून घे, तिच्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

आत जायचं म्हणजे नवरीपेक्षा जास्त वेळ लागतो, फक्त इथं नटायचं नसतं, होतं नव्हतं तेही उतरवायचं असतं. पावडर नको, काजळ नको, केसाला तेल नको. वरून पांढरा झगा, डोकं झाकणारी टोपी, तोंडावर पट्टी, हातमोजे. डोळे तेवढे दिसतात. दाराशी चिकट चटई असते, ती बुटाची धूळ ओढून घेते. पेन्सिलसुद्धा आत न्यायची नाही, तिची पूड उडते. माणूसच इथली सगळ्यात मोठी घाण आहे, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात. माझी जोडीदारीण पंचविशीतली, इतकी उंच की तिला सगळे ‘शिडी’ म्हणतात. झगा घातल्यावर कोण कुठली कळत नाही, शिडी मात्र लगेच ओळखू येते. आणि आम्हाला शिकवणाऱ्या त्या मुलाखतीतल्या बाई. त्यांना पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणतात, कारण त्या ‘जरा वेळ’ असं कधी म्हणत नाहीत. तीस सेकंद, नाहीतर चाळीस सेकंद. मधलं काही नाही.

दादा, आतली एक खोली सबंध पिवळी आहे. आपल्या खोलीत लाल दिवा असायचा ना, तसा इथं पिवळा. कारण तेच, प्रकाशानं बदलणारं रसायन. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि मला इतकं आपलं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसायची सोय नव्हती, हातात मोजे. काम कसं चालतं ते सांगते, तुला आवडेल. सिलिकॉनची तळहाताएवढी चकती असते, आरशासारखी लखलखीत. आधी ती भट्टीत ठेवून तिच्यावर काचेसारखा पातळ थर चढवतात. पाण्यावर तेलाचा थेंब पडला की रंग दिसतात ना, तसा त्या थराला रंग येतो, आणि तो किती जाड झाला ते रंगावरून सांगता येतं. मग चकती गरागरा फिरवतात आणि मधोमध मधासारखं रसायन सोडतात, ते क्षणात सगळीकडे सारखं पसरतं. वर नक्षीची काच ठेवायची, आठ सेकंद प्रकाश द्यायचा, डेव्हलपरमध्ये धुवायचं. जिथं प्रकाश पडला तिथलं रसायन निघून जातं आणि बारीक बारीक खिडक्या उघडतात. त्या खिडक्यांतून अ‍ॅसिड खालचा थर खातं. पुरतं खाल्लं की नाही हे कसं ओळखायचं? चकती पाण्यातून वर काढायची. थर उरला असेल तर पाणी चिकटून राहतं, गेला असेल तर घरंगळून पडतं. मग पुन्हा भट्टी, त्या खिडक्यांतून वीज वाहू देणारा पदार्थ सिलिकॉनमध्ये मुरवायला, पुन्हा नक्षी, शेवटी वरून धातूच्या तारा. एक चकती पुरी व्हायला आम्हाला तीन आठवडे लागतात. पी हळद नि हो गोरी असं इथं काही नाही.

आता हस. दुसऱ्याच आठवड्यात मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि ते तुझ्यामुळे. नक्षीच्या काचेला एका बाजूनं धातूचा थर असतो, ती बाजू चकतीकडे यावी लागते. काच हातात घेतली आणि कुठली बाजू ते मला कळेना. तू काय शिकवलं होतंस? अंधारात फोटोच्या कागदाचा कोपरा ओठाला लावायचा, जी बाजू किंचित चिकटते ती कामाची. मी सरळ तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि काच ओठाला लावली. घड्याळबाई अशा ओरडल्या की शिडीच्या हातातला चिमटा पडला. मला बाहेर काढलं, तोंड धुवायला लावलं, काच साफ करायला दोन तास गेले. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाल्या, लिहा. मी लिहिलं, ‘काच ओठाला लावली.’ त्या म्हणाल्या, कारणही लिहा. मग मी पुढे लिहिलं, ‘दादानं शिकवलं होतं.’ त्या तोंडावरच्या पट्टीआड हसल्या असाव्यात, डोळे तसे दिसले.

तो कागद समजून घे. प्रत्येक चकतीबरोबर एक कागद फिरतो. कुठल्या दिवशी, कुणी, किती सेकंद काय केलं, ते सगळं त्यावर. आणि प्रत्येक कामापुढे एक रिकामी चौकट असते, वर छापलेलं असतं, ‘काय वेगळं झालं?’ हात हलला, शिंक आली, दार उघडं राहिलं, जे झालं ते लिहायचं. लिहिलं म्हणून कुणी रागावत नाही. घड्याळबाईंचं म्हणणं असं, की चकती बिघडली तर दुसरी मिळते, पण चौकट कोरी ठेवली तर पुढचा माणूस जन्मभर चुकीच्या जागी शोधत बसतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती नेहमीची शिस्त वाटली, प्रत्येक शाळेत असते तशी.

आमची पहिली चकती बिघडली. दिसायला देखणी झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सुया टेकवल्या, तर एकही स्विच बंद होईना. नळाचं वॉशर झिजलं की पाणी वाहतच राहतं, तसा सगळ्यांतून करंट वाहतोय. घड्याळबाईंनी कागद वाचला आणि त्यांचं बोट भट्टीवर थांबलं. चकती भट्टीत जास्त वेळ राहिली की आत सोडलेला पदार्थ आजूबाजूला पसरतो आणि मधली भिंत नाहीशी होते. भट्टीचं काम शिडीचं. तिनं कागदावर अचूक वेळ लिहिली होती, पण ती स्वतःच डळमळली. दोन दिवस तिनं आकडे तपासले, भट्टीचं घड्याळ तपासलं. तिसऱ्या दिवशी झगे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली होती, मोजे काढून स्वतःच्या तळव्यांकडे बघत. मला म्हणाली, ‘काकू, माझा हातच चुकतो. मला हे जमायचं नाही. मी उद्यापासून येत नाही.’

कुणाचा हात चुकला ते मला ठाऊक होतं. डेव्हलपरमध्ये चकती मी धुतली होती. पंचेचाळीस सेकंद द्यायचे होते. मला ती नक्षी अजून नीट उघडली नाही असं वाटलं, आणि स्टुडिओतल्या सवयीनं, डोळ्याला पटेपर्यंत, मी तिला वीस सेकंद जास्त दिले. त्यानं खिडक्या रुंद झाल्या आणि मधल्या भिंती पातळ. भट्टीत त्या नेहमीच्या वेळातच विरघळल्या. मी कागदावर पंचेचाळीस लिहिलं होतं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे, पंचेचाळीसच लिहायचे असतात म्हणून. पण पहिल्या दिवशी भट्टीचं नाव निघालं तेव्हाच मला ते वीस सेकंद आठवले होते, आणि तरी मी दोन दिवस गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून. ती पोर माझ्यादेखत स्वतःला खात होती आणि मी तिला डब्यातलं खायला देत होते. काय माझी माया!

मी तिला तिथंच बसवून आत गेले, घड्याळबाईंकडून तो कागद मागून घेतला आणि चौकटीत लिहिलं, ‘वीस सेकंद जास्त धुतली. लिहिलं नाही. दोन दिवस बोलले नाही.’ शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, झालं, आता घरी. त्या म्हणाल्या, पुन्हा करा, आणि कारण सापडलं ते बरं झालं. एवढंच. शिडी मात्र भडकली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, चिमटा हवा असला तर हात पुढे करायची. माझ्यावर कुणी एवढं रीतसर चिडलेलं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आली, झगा चढवला आणि भट्टीचं काम स्वतःहून मागून घेतलं. ते बघून मला काय वाटलं ते तुला सांगते. राग येऊ दे, पण तिचा हात कामावर परत आला.

आता बातमी. दुसरी चकती मागच्या गुरुवारी पुरी झाली. सुया टेकवल्या, शिडीनं बटण फिरवलं, पडद्यावरची रेघ आधी जमिनीला चिकटून राहिली आणि मग सरळ वर चढली. बटण मागे घेतलं, रेघ खाली. बंद होतोय, दादा! माझ्या हातानं बनवलेला, डोळ्याला दिसतही नाही असा स्विच, उघडतोय आणि बंद होतोय. जीव भांड्यात पडला. शिडीनं मला उचललं, अक्षरशः, आणि घड्याळबाई म्हणाल्या की प्रयोगशाळेत उड्या मारल्यानं धूळ उडते. एक तारखेपासून मी नोकरीवर पक्की. ही बातमी सगळ्यात आधी तुला द्यायची म्हणून मी फोन उचलला, आणि तू म्हणालास, ‘बरं चाललंय.’ मी फोन ठेवला. ही नोकरी मला तुझ्या शिकवण्यावर मिळाली, आणि तू फाटकावर बसून आहेस.

दादा, आता नीट बसून वाच. त्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीतली फळी मी धुतली. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे फिक्सर, हा तुझा नियम, तो मला झोपेतही पाठ होता. दोन्ही टाक्या मी खाली उतरवल्या होत्या. तेवढ्यात पुढे कुणी गिऱ्हाईक आलं, मी लगबगीनं टाक्या वर ठेवल्या नि पळाले. उलट्या ठेवल्या. तू आत गेलास, दिवा घालवलास, आणि नेहमीप्रमाणे डावीकडे हात घातलास. तू कोरी फिल्म घेऊन अंगणात गेलास तेव्हा मी टॉवेल आणायला आत शिरले. डावीकडच्या टाकीतून फिक्सरचा वास आला आणि मला सगळं कळलं. आणि मी काय केलं? तुला हाक नाही मारली. दोन्ही टाक्या उचलल्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग तू खात्री करायला आत आलास. दोन्ही टाक्यांत बोट बुडवून वास घेतलास, आधी एकीचा, मग दुसरीचा, पुन्हा पहिलीचा. सगळं नियमाप्रमाणे होतं. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. तू म्हणालास, माझा हात चुकला. मी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात, मग तू गोदामात लागलास आणि ते सांगणं इतकं जड झालं की मला उचलेना. मला भीती वाटत होती की तू पुन्हा कधी मला शेजारी उभं करणार नाहीस. म्हणजे स्वतःची जागा राखायला मी तुझी घालवली.

परवा मी बेकरीवाल्याकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. पाव कागदात बांधता बांधता तो थांबला. म्हणाला, ‘बाई, ही जखम मांडीला आणि मलम शेंडीला झालं. आई माझी गेली, ती जाणारच होती. हात त्याचा गेला. त्याला सांगा.’ मग बराच वेळ पीठ झटकत राहिला आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात त्याच्या दुकानाला पन्नास वर्षं होतात, भट्टीसमोर सगळ्यांचा एक फोटो काढायचाय, तुमचा दादा येईल का? मी तुझ्या वतीनं काही कबूल केलेलं नाही, ते तुझं तू ठरव. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड, वर्षभर बोलू नकोस, मला ते चालेल आणि ते माझं येणंच आहे. हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. अकरा वर्षं तू ज्या हाताला दोष देतोयस त्याच्याबद्दल खरं काय ते तुझ्याकडे लेखी असावं, म्हणून लिहिलंय. त्या अंधारात तुझा हात बरोबर जागी गेला होता, दादा. जागा मी बदलली होती.

रागावलास तरी तुझीच,
शेपूट